श्रद्धा, संशय आणि गोपाळ गणेश आगरकर

ज्या मंडळाचे वर्ष श्रीगणेशाच्या आरतीने सुरू होते आणि ज्याच्या सभासदांची पहिली ओळख बहुधा गणेशोत्सवाच्या मांडवातच होते, त्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ईश्वराचे अस्तित्व मान्य न करणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र यावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आम्ही स्वतः देवपूजा सोडलेली नाही आणि सोडण्याचा विचारही नाही. तथापि पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा तर केवळ आवडीच्या थोरांचे स्मरण करून भागत नाही. ज्यांनी आपल्याला अडचणीचे प्रश्न विचारले त्यांचेही स्मरण करावे लागते. असे प्रश्न विचारणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर यांचे स्थान फार वरचे आहे.

लोकमान्य टिळक आपल्या छत्तीसगढात फार पूर्वीच येऊन पोचले. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीचे आद्य निबंधकारांपैकी एक ठरलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. त्यामुळे टिळकांचे नाव येथील मराठी व हिंदी अशा दोन्ही घरांत रुळले. त्यांचे तरुणपणीचे जिवलग मित्र आणि पुढील आयुष्यातील कडवे प्रतिपक्षी आगरकर हे मात्र आमच्या पिढीतील पुष्कळांना शालेय पुस्तकातील एखाद्या धड्यापुरतेच ठाऊक आहेत.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची स्थिती हलाखीची. शिक्षण झाले ते कऱ्हाडला आजोळच्या आधाराने. मराठी शिक्षण आटोपल्यावर काही दिवस कचेरीत उमेदवारी केली, काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. इंग्रजी शिकावयाचे म्हणून हा मुलगा कऱ्हाडहून पायी चालत रत्नागिरीस गेला, आणि तेथे निभाव लागेना म्हणून परत आला. अखेर नातेवाइकांच्या आश्रयाने तो वऱ्हाडात अकोल्यास पोचला. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक त्याला लाभले आणि १८७५ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. विदर्भातून भिलाईस आलेली कुटुंबे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. आगरकरांची विद्या अकोल्यात फळास आली, ही गोष्ट त्यांना अभिमानाची वाटावी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील वर्षेही ओढगस्तीचीच गेली. अंगात एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच घालावयाचा, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते. परंतु याच काळात त्यांच्या बुद्धीला नवे क्षितिज दिसले. मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वचिंतकांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले. डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्याने उठविलेले वादळ युरोपात अद्याप शमले नव्हते. इकडे १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. ग्रंथांत एक विचार आणि बाहेर भुकेने मरणारी माणसे, अशा परिस्थितीत आगरकरांचे मन घडले. १८७८ साली ते बी.ए. झाले आणि पुढे एम.ए. झाले.

एम.ए.ची पदवी त्या काळी मोठ्या सरकारी नोकरीचा परवानाच होती. परंतु मोठ्या पगाराची आशा बाळगू नये, पोटापुरत्या मिळकतीत संतोष मानून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी वेचावयाचा आपला निश्चय आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी आपल्या मातोश्रींना पाठविले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला या पत्राची किंमत चांगली कळते. दारिद्र्य ज्याने पाहिलेले नाही त्याचा त्याग आणि दारिद्र्यातून नुकत्याच वर आलेल्याचा त्याग यांत अंतर आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. आगरकर लौकरच त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते, ही गोष्ट आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याविषयी या पत्रांनी लिहिले. ज्या कागदांवर विसंबून लिहिले ते खोटे ठरले, आणि दिवाण बर्वे यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला होता. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघा मित्रांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे त्यांचे मराठी रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. ज्या दम्याने पुढे त्यांचा बळी घेतला त्याने तरुण वयातच त्यांना गाठले होते.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. संस्था वाढू लागली आणि त्याचबरोबर मतभेदही वाढू लागले. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद सर्वांना माहीत आहे. परंतु त्याच्या तळाशी दुसरा एक प्रश्न होता : जी चाल धर्माने घालून दिली आहे असे लोक समजतात, ती बुद्धीच्या न्यायासनापुढे उभी करता येते की नाही? टिळकांच्या मते समाजाची श्रद्धा हे त्याच्या एकीचे बळ होते. परके सरकार डोक्यावर असताना त्या बळाला धक्का लावणे हे राष्ट्राचे नुकसान होते. आगरकरांच्या मते जो समाज स्वतःच्या चालीरीतींची चिकित्सा करू शकत नाही त्याला स्वराज्य मिळूनही त्याचा उपयोग होणार नव्हता. १८८७ साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' हे मराठी-इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

येथे थोडे थांबून श्रद्धेच्या बाजूने व विरुद्ध काय बोलले जात होते ते नीट मांडून पाहू. कार्यालयात एखाद्या प्रकरणावर टिपणी लिहावयाची तर अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजू कागदावर याव्या लागतात. एकच बाजू लिहिणाऱ्याची टिपणी साहेब परत पाठवितो. देवाच्या प्रकरणालाही हाच नियम लावण्यास हरकत नसावी.

श्रद्धेची बाजू त्या काळी दुबळ्यांच्या हाती नव्हती. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे प्रकांड पंडित होते. मूर्तिपूजा व जातिभेद त्यांना मान्य नव्हते, परंतु एका दयाघन ईश्वरावर त्यांची दृढ निष्ठा होती. खुद्द जोतीराव फुल्यांनी ब्राह्मणी धर्मग्रंथांवर कठोर प्रहार केले, तरी जगाचा एक निर्मिक त्यांनी मानलाच. या मंडळींचा युक्तिवाद थोडक्यात असा : विश्वात नियम आहे, म्हणून नियंता असला पाहिजे. माणसाच्या अंतःकरणात बऱ्यावाइटाची जाणीव आहे, ती कोणीतरी ठेवलेली असली पाहिजे. ज्ञानेश्वर-तुकारामांसारख्या निर्मळ माणसांनी ज्याचा अनुभव सांगितला तो सर्वस्वी भ्रम कसा म्हणावा? आणि शेवटी, देवाचे भय सुटले तर सामान्य माणसाला पापापासून परावृत्त कोण करणार, व दुःखात त्याचे अश्रू कोण पुसणार?

आगरकरांनी हा सारा पक्ष ऐकून घेतला आणि त्याला आपली उत्तरे दिली. 'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली याचा शोध घेतला आहे. स्पेन्सरप्रभृती पंडितांच्या आधाराने त्यांनी दाखविले, की रानटी अवस्थेतील माणसाला निसर्गाचे भय वाटले, स्वप्नात मेलेले पूर्वज दिसले, आणि त्यांतूनच देवता जन्मास आल्या. समाजाची समजूत वाढली तशी देवतांची रूपेही पालटत गेली. विश्वाचे आदिकारण काय हे मानवी बुद्धीला कळण्यासारखे नाही, आणि जे कळत नाही त्यावर विधिनिषेधांचे डोलारे उभारू नयेत, असा त्यांचा एकूण रोख होता. म्हणून त्यांना निव्वळ नास्तिक म्हणण्यापेक्षा अज्ञेयवादी म्हणणे अधिक यथार्थ आहे. नीतीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे विशेष विचार करण्यासारखे आहे. माणसे एकत्र राहू लागली, एकमेकांच्या सुखदुःखाची त्यांना जाणीव झाली, त्या जाणिवेतून नीती निर्माण झाली. स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भीतीने केलेले सत्कर्म हा एक प्रकारचा सौदा झाला.

आगरकरांचा मुख्य रोष मात्र देवावर नव्हता. देवाच्या नावाने चालणाऱ्या क्रौर्यावर होता. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न व्हावे, नवरा मेला म्हणून तिचे केशवपन व्हावे, आणि हे सर्व ईश्वराच्या आज्ञेने चालले आहे असे सांगितले जावे, हे त्यांना असह्य होई. संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला तेव्हा त्यांनी कायद्याचा निर्भीडपणे पुरस्कार केला. १८९१ साली झालेल्या त्या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ केले. आज ऐकताना अंगावर काटा येतो, परंतु या दोन वर्षांसाठी सारे पुणे दुभंगले होते. येथे आगरकरांनी केलेला एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनातली गोष्ट; तिच्याशी झगडावयाचे ते लेखणीने. परंतु श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याच्या देहाला इजा होत असेल, तर तेथे कायद्याने हात घातलाच पाहिजे.

या लेखनाचे मोल त्यांना द्यावे लागले. सनातनी मंडळींनी त्यांची प्रतिमा करून तिची प्रेतयात्रा त्यांच्या घरावरून नेली. स्वतःची अंत्ययात्रा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पुन्हा टेबलापाशी बसून पुढचा अंक लिहिणारा संपादक किती स्थिर चित्ताचा असला पाहिजे! याच आगरकरांच्या घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांची व्रते, त्यांचे सोवळे चालू होते. ज्यांनी 'सुधारक'च्या स्तंभांतून सोवळ्यावर टीका केली त्यांनी आपल्या घरातील सोवळ्यावर जबरदस्ती केली नाही. ज्याला हे विसंगत वाटेल त्याने विचार करावा, की ज्याचा सारा भर माणसाने स्वतःच्या बुद्धीने ठरवावे यावर आहे, त्याने बायकोला हुकूम करून देव सोडावयास लावले असते तर त्याच्या तत्त्वाचे काय उरले असते?

१८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे निवर्तले आणि आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पद मोठे, पण वेतन संस्थेच्या नियमाप्रमाणे बेताचेच. त्यानंतर एक-दोन वर्षांतच टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप दिले. म्हणजे आपल्या मंडळाची परंपरा ज्या उत्सवातून उगम पावली तो उत्सव पुण्यात दुमदुमू लागला तेव्हा हा अज्ञेयवादी प्राचार्य त्याच शहरात दम्याशी झुंजत मुलांना शिकवीत होता. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, अशी हकीकत सांगितली जाते. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहून जुन्या मित्राला निरोप दिला.

आता टिपणीच्या अखेरीस अभिप्राय द्यावयाचा तो आम्ही नम्रपणे देतो. आगरकरांची सर्वच उत्तरे आम्हांस पटतात असे नाही. एखादी कल्पना भयातून उपजली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तारे पाहून भविष्य सांगणाऱ्यांच्या खटाटोपातूनच खगोलशास्त्रही वाढीस लागले. वारकरी संतांच्या श्रद्धेने शेकडो वर्षे दीनदुबळ्यांना माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचे बळ दिले, त्याचाही हिशेब केला पाहिजे. आणि शोकाच्या प्रसंगी बुद्धी जेथे थकते तेथे श्रद्धा माणसाचा हात धरते, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

परंतु श्रद्धावानांचा जो सर्वांत मोठा मुद्दा, की देवाचे भय नसेल तर माणूस नीतीने वागणार नाही, त्याला आगरकरांनी निबंधापेक्षाही मोठे उत्तर दिले. ते उत्तर म्हणजे त्यांचे आयुष्य. स्वर्गाची आशा नाही, पुनर्जन्माचा भरवसा नाही, पुण्य गाठीला बांधावयाचे नाही, आणि तरीही दारिद्र्य पत्करले, सत्य सोडले नाही, अखेरची देणीसुद्धा आधी चुकती केली. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना देव न मानणारा तो अनीतिमान, असे म्हणण्याचा अधिकार आम्हां भाविकांना उरत नाही. उलट आम्ही तर देव मानतो. मग आमचे आचरण त्यांच्याहून उजळ का नसावे, हा प्रश्न आमच्याच अंगावर येतो.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर त्यांच्याच कॉलेजातून निघाले. आगरकर प्राचार्य असताना १८९३ साली विठ्ठल रामजी शिंदे हे विद्यार्थी म्हणून फर्ग्युसनमध्ये दाखल झाले. आगरकरांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. परंतु ते अज्ञेयवादी झाले नाहीत. प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले, आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांच्या उद्धारासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. संशयाच्या मुशीतून निघालेली श्रद्धा कशी असते, ते शिंद्यांकडे पाहून कळते.

आपली भिलाई ही तर या दोन विचारांची शेजारीण आहे. १९५५ च्या कराराने सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. जे तंत्रज्ञ आले ते ज्या देशातून आले तेथे नास्तिकता हे राज्याचे धोरण होते. सत्तेच्या बळावर देवळे-चर्चे बंद झाली. १९९१ साली ते राज्य विघटित झाले आणि तेथील चर्चच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. जुलमाने लादलेली नास्तिकताही टिकत नाही, हे त्यातून दिसले. आगरकरांचा मार्ग याहून अगदी निराळा होता. त्यांच्या हाती सत्ता नव्हती आणि ज्याच्या गळी विचार उतरवावयाचा त्याच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास होता. इकडे आपल्या कारखान्यात दर वर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा होते. पूजा करणारा कामगार प्रसाद घेऊन पुन्हा शिरस्त्राण चढवितो, कारण चौदाशे-पंधराशे अंशांवर वाहणारा लोहरस भाविक आणि अभाविक असा भेद करीत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. श्रद्धेने हात जोडावे आणि बुद्धीने हात सांभाळावे, ही रीत भिलाईला कोणी शिकवावी लागली नाही.

तथापि कारखान्याच्या कुंपणापलीकडे पाहिले तर आगरकरांचे काम संपलेले नाही, हे मान्य करावे लागते. एखाद्या एकाकी बाईला टोनही ठरवून तिचा छळ करण्याचे प्रकार थांबावेत म्हणून छत्तीसगढ राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी आगरकरांच्याच पुण्यात हत्या झाली, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. हे दोन्ही कायदे कोणाच्या देवघरात शिरत नाहीत; दुसऱ्याला होणारी इजा तेवढी ते रोखू पाहतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आगरकरांनी आखलेली रेघ ती हीच.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत गणपती दर वर्षी येईल, आरत्या होतील, आणि आम्हीही त्यांत असूच. आमची एवढीच विनंती आहे, की त्या मांडवात एखादी संध्याकाळ आगरकरांच्या निबंधांच्या वाचनासाठी राखून ठेवावी आणि ज्या तरुणांना शंका आहेत त्यांना त्या मोकळेपणाने बोलू द्याव्यात. गणपती ही बुद्धीची देवता आहे असे आपण मानतो. तिच्यासमोर बुद्धीने प्रश्न विचारणाऱ्याचा अनादर होऊ नये, इतके पथ्य पाळले तरी आगरकरांचे स्मरण सार्थ झाले असे आम्ही समजू.